सी-सहा, मग डी-पाच

सांगलीच्या मुलाला बुद्धिबळाचं वेड लागलं तर त्यात नवल काही नाही. भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांचं नूतन बुद्धिबळ मंडळ ही नावं आमच्या घराघरांत होती. पण काळी मोहरी घेऊन पटावर कसं बसायचं, हे मला शिकवलं आपल्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मागची बाकं जोडून पट मांडायचे, असा आमचा नेम होता.

पटाच्या उभ्या रांगांना ए ते एच ही अक्षरं आणि आडव्या रांगांना पांढऱ्याकडून १ ते ८ हे आकडे, त्यावरून घराचं नाव; नुसतं घराचं नाव म्हणजे तिथे प्यादं गेलं. त्या वेळी पांढऱ्याच्या ई४ला, म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे, आम्ही सगळे ई५नेच उत्तर द्यायचो. समोरचा घरून हल्ला पाठ करून आलेला असे. एफ७वर घोडा नाहीतर उंट येऊन पडायचा आणि बघता बघता राजा उघडा. सरांनी त्यावर आम्हाला कारो-कान बचाव दिला. होरेशियो कारो आणि मार्कुस कान या दोघांनी १८८६ मध्ये त्याचं विश्लेषण प्रसिद्ध केलं, म्हणून हे जोडनाव.

पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं की आपण वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं फक्त एक घर घ्यायचं. सी६. खेळी अगदी गरीब दिसते. पण पुढच्या खेळीत प्यादं डी५ला जातं, तेव्हा सी६चं प्यादं त्याच्या पाठीशी उभं असतं. पांढऱ्याने मारलं तर प्याद्यानेच परत मारायचं, मध्यभाग सुटत नाही. फ्रेंच बचावातही डी५ येतं, पण तिथे आधी ई६ खेळावं लागतं आणि पांढऱ्या घरांवरचा उंट आतच कोंडला जातो. सर म्हणायचे, ‘आधी उंट बाहेर, मग दार लावा.’ ई६ म्हणजे ते दार.

पांढऱ्याने ई५ रेटलं तर उंट एफ५ला. त्याने घोडा सी३ला काढला तर ई४वर मारायचं, आणि घोड्याने परत मारलं की पुन्हा उंट एफ५ला. मग घोडा जी३ला येऊन उंटाला हुसकतो, उंट जी६ला जातो, पांढरा एच४ खेळतो. इथे सर हात वर करायचे. एच४ का? कुणीतरी सांगायचं, एच५ करून उंट पकडायला. मग आपण काय करायचं? एच६, म्हणजे उंटाला एच७चं घर मिळतं. कारण सांगता आल्याशिवाय पुढची खेळी करायची नाही, हा सरांचा दंडक होता.

शिवाय समोरच्याने वजिराच्या प्याद्याने सुरुवात केली तरी डी५ आणि सी६ हाच पाया चालतो. तो स्लाव्ह बचाव. अभ्यास आणि परीक्षा सांभाळून खेळणाऱ्या शाळकरी पोराला एवढंच पेलतं, आणि तेवढ्यात त्याचं भागतंही.

१९९७चा जून मला लख्ख आठवतो. ११ मे रोजी न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू या संगणकाने विश्वविजेत्या गॅरी कास्पारोव्हला सहाव्या डावात अवघ्या १९ खेळ्यांत हरवलं होतं, आणि तो डाव होता कारो-कानचा! नववीच्या वर्गात आम्ही चेहरे पाडून बसलो. आपलं ओपनिंगच, म्हणजे डावाची सुरुवातच, फुटलं, असं सगळ्यांचं मत झालं होतं. सरांनी वहीत उतरवून आणलेला तो डाव मांडला आणि सातव्या खेळीवर थांबले. काळ्या मोहऱ्यांनी खेळणारा कास्पारोव्ह इथे एच६ खेळला. जी५वरचा पांढरा घोडा मागे न फिरता थेट ई६च्या प्याद्यावर पडला. घोडा मारला, तर जी६वर उंटाचा शह. काळा राजा डी८ला गेला, किल्लेकोट (राजाला हत्तीच्या आडोशाला नेण्याची खेळी) कायमचा हुकला. मग सरांनी मोहरी पुन्हा जागेवर लावली, एच६ मागे घेतलं आणि काळ्या घरांवरचा उंट डी६ला ठेवला. ‘आता मारा घोडा ई६वर.’ आम्ही मारला. पुढे जी६वर शह द्यायला गेलो, तर एच७च्या प्याद्याने उंटच खाल्ला. जी एच६ एका फांदीत, म्हणजे खेळींच्या एका क्रमात, उंट वाचवते, तीच इथे राजाला उघडं पाडते. ओपनिंग शाबूत होतं, घात खेळीच्या क्रमाने केला होता. इतकं स्वच्छ शिकवणं मी नंतर कॉलेजातही पाहिलं नाही.

सरांचं दैवत सोव्हिएत बुद्धिबळपटू मिखाईल बोत्विनिक. त्याने १९६१ मध्ये, वयाच्या ४९व्या वर्षी, मिखाईल तालकडून विश्वविजेतेपद १३-८ असं परत मिळवलं. तालसारख्या हल्लेखोरासमोर काळ्या मोहऱ्यांनी तो पुन्हा पुन्हा कारो-कान खेळला. हे सांगताना सरांचा आवाज चढायचा.

आज मुलं मोबाईलवर इंजिनच्या लांबलचक फांद्या पाठ करतात. त्यांना दोष नाही, आमच्या वेळी असतं तर आम्हीही तेच केलं असतं. पण पहिलं ओपनिंग असं असावं की पाठांतर विसरलं तरी खेळी सुचली पाहिजे. कारो-कानमध्ये ते जमतं, कारण प्याद्यांचा सांगाडा भक्कम राहतो, वजीर मारले गेले तरी काळ्याची बाजू टिकते आणि खेळाडूला हळूहळू एंडगेमची, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्याची, गोडी लागते.

शाळेच्या या महोत्सवानिमित्त आमच्या तुकडीने शाळेला पट आणि बुद्धिबळाची घड्याळं द्यायचं ठरवलं आहे. सरांच्या वहीतले डाव मी टाइप करून घेतले आहेत, त्याची एक प्रत ग्रंथालयात ठेवावी. शनिवारचा वर्ग शाळेने पुन्हा सुरू केला, तर पाचवी ते सातवीच्या मुलांना कारो-कान शिकवायला मी यायला तयार आहे. मुख्याध्यापकांनी फक्त एक खोली आणि वेळ कळवावी.