एक नारळ, एक माणूस

निवृत्तीनंतर मी वेंगुर्ल्याजवळच्या गावच्या घरी राहायला आलो आणि पत्नी नातवाच्या शाळेपायी डोंबिवलीतच राहिली, तेव्हा स्वयंपाकाची मला फारशी चिंता वाटली नव्हती. पिठी, भात आणि माशाची कढी एवढे मला येत होते. अडचण आली ती मापाची. आमच्याकडचा स्वयंपाक दहा-बारा माणसांच्या घराचा हिशेब धरून घडलेला आहे आणि त्या हिशेबातला सर्वांत लहान आकडा म्हणजे एक नारळ. तो फोडला की दोन्ही कवडी, म्हणजे नारळाचे दोन अर्धे भाग, एकदम समोर येतात. पहिल्या पावसाळ्यात माझ्या हातून इतके खोबरे आंबून गेले की शेवटी मी वाटणच सोडले आणि दोन महिने भात, लोणचे आणि चहा-बिस्किटांवर काढले. त्यात वजन चार किलोंनी उतरले, आणि एकट्यासाठी कशाला एवढा खटाटोप, हे वाक्य मी स्वतःलाच किती वेळा ऐकवत होतो तेही ध्यानात आले.

आता मी नारळ फोडतो तो तीन दिवसांचा विचार करून. डोळ्यांकडची कवड आधी खराब होते, म्हणून ती त्याच दिवशी आडाळ्यावर, म्हणजे खवणी असलेल्या विळीवर, खवून संपवायची. दुसरी न खवता, अखंडच, फ्रिजमध्ये ठेवायची. खवलेले खोबरे आमच्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत आंबट होते, अखंड कवड मात्र फ्रिजमध्ये दोन दिवस सहज निघते.

पहिला दिवस बांगड्यांचा. बाजारात मासे वाट्याने मिळतात आणि वाटा घरादाराचा असतो. मी तीनच मागितले तेव्हा मासेवाली म्हणाली, “भाऊनु, वाटो घेवा, तीन बांगडे कोणाक पुरतले?” मलाच पुरणार होते, पण हे सांगायला थोडा संकोच वाटला. आता ती न विचारता तीन काढून ठेवते. घरी आल्यावर गप्पा न मारता बांगडे साफ करून थंड जागी ठेवणे मी कटाक्षाने पाळतो, कारण हा मासा उष्णतेत राहिला तर त्यात हिस्टामीन तयार होते आणि नंतर कितीही उकळले तरी ते जात नाही. अंगावर पित्त उठण्यापासून उलट्यांपर्यंत त्याचा त्रास होऊ शकतो. खोबरे, सुकी मिरची, धणे आणि हळद यांचे वाटण चटणीच्या लहान भांड्यातच करावे, कारण मिक्सरच्या मोठ्या भांड्यात एवढेसे वाटण पात्यांना लागतच नाही आणि भरड राहते. (माझे अर्धे अपयश त्या भांड्याचे होते.) शेवटी आमसुले आणि ठेचलेली तिरफळे. एक बांगडा दुपारी, एक रात्री, आणि तिसरा मीठ-मसाला लावून दुसऱ्या दिवशी तव्यावर.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या कवडीतले अर्धे खोबरे भाजीत जाते. पावसाच्या सुरुवातीला टाकळा मिळतो. त्यात फणसाच्या आठळ्या घातल्या की भाकरीबरोबर दुसरे काही लागत नाही. तिसऱ्या दिवशी बाकीच्या खोबऱ्याचे दूध काढून सोलकढी करायची, आणि चोथा टाकून न देता लसूण व सुक्या मिरचीबरोबर कोरडा भाजून त्याची चटणी करायची.

नारळ नसलेल्या दिवसांची माझी भिस्त कुळथाच्या पिठीवर आहे. कुळथात शंभर ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, आणि १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद झाली की ताटातली ती उणीव पिठी आणि सुकट भरून काढतात. दोन मोठे चमचे पीठ दीड वाटी थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवावे, लसणीच्या फोडणीत ओतावे, दोन आमसुले टाकावीत आणि दाट होईपर्यंत ढवळत राहावे. दहा मिनिटांत जेवण तयार होते. बरोबर उकड्या तांदळाचा भात, तोही मुठीने मोजून. रात्री कंटाळा आलाच तर त्याच तांदळाची पेज करतो, पण उरलेला भात रात्रभर बाहेर ठेवत नाही, कारण भातातले काही जिवाणू शिजवूनही बीजाणूरूपाने टिकतात आणि उबदार हवेत पुन्हा वाढतात. वादळात वीज गेली की फ्रिजवरचा सारा भरवसा संपतो. म्हणून जून ते सप्टेंबर मी नारळ आठवड्यातून एकदाच फोडतो आणि एक कवड शेजारच्या वहिनींकडे देतो. त्यांच्याकडून कधी आंबोळ्या येतात, कधी काहीच येत नाही.

जेवायला मात्र ताट वाढूनच घेतो. टोपातून उभ्या-उभ्या खाल्ले की किती खाल्ले ते कळत नाही, आणि तासाभराने हात पुन्हा बिस्किटांच्या डब्याकडे जातो.

चतुर्थीला घरात चौदा माणसे असतील आणि दिवसाला पाच-सहा नारळ लागतील. आडाळ्यावर बसण्याचे काम या वर्षी माझ्याकडे आहे, असे पत्नीने फोनवर आताच कळवून ठेवले आहे.