फायरप्लेसवर टीव्ही लावताय?

आमच्या न्यू जर्सीच्या घरात गॅसची फायरप्लेस आहे आणि टीव्हीसाठी दुसरी मोकळी भिंतच नाही, त्यामुळे तो वरच लावला. पण आधी तासभर आग पेटवून वरच्या भिंतीला थर्मामीटर चिकटवून बघाच, बहुतेक टीव्हींना 40 अंश सेल्सिअसच्या वर चालत नाही, आणि मँटेल, म्हणजे फायरप्लेसच्या वरची फळी, खोल असेल तर गरम हवा पुढे वळते, हात धरला की फरक लगेच कळतो. दुसरं म्हणजे मान! सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण 42 इंचांवर असतात आणि टीव्ही त्याहून बराच वर, म्हणून मी तर म्हणेन खाली ओढता येणारा माउंटच (टीव्ही भिंतीला धरणारा स्टँड) घ्या, महाग पडतो पण आईबाबा आले की दुपारभर सिनेमे बघतात, त्यांच्यासाठी पैसे वसूल. फक्त आग चालू असताना टीव्ही खाली ओढायचा नाही. साउंडबार (लांबट स्पीकर) टीव्हीलाच बसवा, म्हणजे आवाजही सोबत खाली येतो.