मेरी-गो-राऊंडला आम्ही दोघंच

रविवार

काल इमॅजिकाला जाऊन आलो. पोटऱ्या अजून दुखतायत पण मन इतकं भरलंय की लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. पहाटे अंधारातच नाशिक सोडलं, कसारा उतरेस्तोवर उजाडलं, आणि खोपोलीच्या तिथं पोचलो तर जी गाडी उघडेल तिच्यातून पोरं उतरतायत. आम्ही दोघंच. चाळिशी ओलांडलीये आणि मूलबाळ नाही.

मोठ्या रोलर कोस्टरच्या लाईनीत कुणी काही विचारत नाही. म्हणजे किंचाळायला लावणारी राईड असली की ती मोठ्यांची, आणि नुसतीच गंमतीची असली की लहानांची, हे कुणी ठरवलं? घोड्यांच्या मेरी-गो-राऊंडला उभे राहिलो तर मागच्या ताईंनी अगदी प्रेमाने विचारलं, मुलं पुढे गेली का तुमची? म्हटलं नाही हो, आम्हालाच बसायचंय. मग बसा की, म्हणाल्या, आणि त्यांच्या छोटीला म्हणाल्या, मावशीच्या शेजारचा घोडा घे.

हे सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला, त्यामुळे घोड्यावर बसल्या बसल्या मान वर. असल्या चक्रात वर आडवा दांडा असतो, मधेमधे वाकवलेला, क्रँकसारखा, तो फिरला की त्याला टांगलेला घोडा वर-खाली होतो, आणि फेरीला वेळ तेवढाच पण कडेच्या घोड्याला अंतर जास्त म्हणून तो आतल्यापेक्षा जोरात पळतो, हे सगळं मला फिरता फिरता ओरडून सांगत होते. छोटी पण कान देऊन ऐकत होती. ह्यांना इतकं खुश मी बऱ्याच दिवसांनी बघितलं.

आज फोनवर ज्याला त्याला सांगितलं तो म्हणतो, वा, लहान होऊन आलात! मला ते पटत नाही. लहानपणी नवरात्रात कालिकेच्या यात्रेत आकाशपाळण्यात बसायचे तेव्हा डोळे गच्च मिटलेले असायचे आणि परत बसायला पैसे मिळतील का हीच चिंता. काल डोळे उघडे होते. डायनोसॉरच्या बोटीत बसलो, तो राजासॉरस खरंच आपल्याकडे होऊन गेलाय, हाडं गुजरातेत खेडा जिल्ह्यात सापडली आणि २००३ साली त्याला नाव मिळालं, हे माहीत असताना अंधारात तो समोर आला की काय वाटतं ते आठ वर्षांच्या मला कधीच वाटलं नसतं. हा आनंद माझ्या आत्ताच्या वयाचाच आहे, तो मी कुणाकडून उसना आणलेला नाही.

आणि ह्या राईड्स आधीपासून मोठ्यांच्याही आहेतच की. १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पाच सेंट देऊन लोक ज्या रोलर कोस्टरमधे बसायचे तो ताशी जेमतेम सहा मैल पळायचा, तरी त्यात मोठी माणसं हौसेनं बसायची. शिकागोच्या १८९३ च्या जत्रेतला फेरिसचा पाळणा २६४ फुटी, एका वेळी दोन हजारांवर माणसं मावायची. वॉल्ट डिस्ने तर म्हणे मुलींना मेरी-गो-राऊंडवर बसवून स्वतः बाकड्यावर बसून राहायचा, तेव्हा त्याच्या मनात आलं की आईबापांनाही मुलांबरोबर मजा करता येईल अशी जागा पाहिजे, त्यातनं पुढे १९५५ साली डिस्नेलँड उघडलं. बाकड्यावरच्या माणसाला उठवायचं होतं त्याला. मग ज्यांच्याबरोबर मूल नाही त्यांनी तरी बाकड्यावर का बसायचं?

भाच्याला घेऊन जा, म्हणजे बरं दिसेल, असं जाण्याआधी एक जण म्हणाले होते. भाचा येईल तेव्हा येईल, त्याचा आम्हाला फार लळा आहे, पण तो आमचा गेटपास नाही.

संध्याकाळी खालच्या काकूंना फोटो दाखवले. त्यांची मुलं पुण्याला, काका गेल्यापासून त्या फारशा कुठे जात नाहीत. सगळे फोटो दोनदा बघितले आणि विचारलं, गुडघे दुखणाऱ्याला ह्यातलं काय झेपेल गं? म्हटलं इमॅजिकाचं बघू, आधी नवरात्रात कालिकेला चला, पाळण्यात नुसतं बसायचं असतं. येते म्हणाल्या, पण दुपारी, गर्दीच्या आधी.