जव्हारमधला एक दिवस: आधी पाडा, मग कचेरी, मग शिरपामाळ

कुपोषणावर काम करणाऱ्या आमच्या संस्थेच्या बैठकांसाठी दिवाळीनंतर जव्हारला जाऊन आले. तुमच्यापैकी कुणी अशाच कामासाठी निघणार असेल, तर पहिली गोष्ट हीच सांगेन की मुक्काम आदल्या रात्री जव्हारातच करा. नाशिकहून अंतर 80 किलोमीटरच्या आसपास आहे. पण त्र्यंबक, तोरंगण घाट, मोखाडा करत पोचेपर्यंत पाड्यावरची माणसं कामाला निघून गेलेली असतात. मुंबईकडच्यांना मनोर-विक्रमगड रस्ता बरा.

सकाळी लवकर अंगणवाडीत पोचले. सेविकाताई लेकरांचे दंडघेर मोजत होत्या. पट्टी दंडाभोवती गुंडाळायची आणि पट्टीवरचा बाण कुठल्या रंगावर येतो ते बघायचं. 11.5 सेंटीमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषित, 12.5 पर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. एका दीड वर्षाच्या मुलीच्या वेळी बाण लाल-पिवळ्याच्या रेघेवरच थांबला. ताईंनी पट्टी सोडली, मुलीला मांडीवर नीट बसवलं, पुन्हा मोजलं आणि मगच वहीत लिहिलं. त्या मुलीचे आईवडील चार दिवसांत वीटभट्टीवर निघणार होते, उचल आधीच घेतलेली. इथे अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं ताजं जेवण मिळतं, मुलांना अंडी-केळी मिळतात. भट्टीवर गेल्यावर हे सगळं तुटतं. माझ्या मते जव्हार-मोखाड्यातल्या कुपोषणाचा सगळ्यात अवघड भाग हाच आहे.

दुपारी पंचायत समितीत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची भेट झाली. कचेरीत जाताना पाड्यांची नावं, मुलांची वयं, वजनं असा कागद हातात ठेवा. बोलणं लगेच मुद्द्यावर येतं. तिथून पोषण पुनर्वसन केंद्रात गेले. आजारी, तीव्र कुपोषित मुलाला आईसोबत साधारण 14 दिवस ठेवतात, आईला बुडीत मजुरीही देतात. तरी बायका यायला का कचरतात, ते तिथल्या एका आईने एका वाक्यात सांगितलं : "घरची दोन पोरं कुणाकडं टाकू, ताई?" मजुरीच्या पैशांनी हा प्रश्न सुटत नाही. घरच्या मुलांची सोय लावणारं माणूस पाड्यातच शोधावं लागतं, आणि संस्थांनी खरा जोर तिथे लावावा असं मला मनापासून वाटतं.

चारनंतर मोकळी झाले. जयविलास हा मुकणे राजांचा राजवाडा टेकडीवर आहे. बाहेरून दगडी काम बघायलाच अर्धा तास जातो. शिरपामाळ मात्र अजिबात चुकवू नका. 1664 मध्ये सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारच्या राजाने त्यांच्या शिरपेचात तुरा खोवला, असं इथे सांगतात. माळावरून दरी छान दिसते. हनुमान पॉइंट गावाला लागूनच आहे. दाभोसा धबधबा लांब आहे; तो बैठकांच्या दिवशी जमवू नका, वेगळा अर्धा दिवस काढा. पावसाळ्यात तिथल्या वाटा निसरड्या असतात, पाण्याच्या काठाशी जाऊ नका. वारली चित्रं घ्यायची असतील तर शक्यतो काढणाऱ्याच्या घरूनच घ्या, पैसे थेट त्याच्या हातात पडतात.

रोख पैसे आणि पाण्याची बाटली जवळ असू द्या, पाड्यांकडे फोनची रेंज जाते. परतीची एस्टी सकाळीच स्टँडवर विचारून ठेवा.

आणि तुमची संस्था भिवंडी-वसईकडे काम करत असेल, तर डिसेंबरपासून आसपासच्या वीटभट्ट्यांवर चक्कर मारा. जव्हार-मोखाड्याची मुलं तिथे असतील. जवळच्या अंगणवाडीत त्यांची नोंद करून घ्या आणि दंडघेर मोजायची पट्टी सोबत न्या.