शेवटचा रकाना

जत्रेला एक दिवस उरला होता. सकाळी आठ वाजता सचिवकाकांचा फोन आला.

"बाय, पालखी किती वाजता ते वेबसाइटवर घालायचं राहिलं गो."

"आहे काका. शेवटच्या रकान्यात."

"शेवटच्या रकान्यात यजमान आहेत."

"त्यांच्या पुढे वेळ आहे."

"त्यांच्या पुढे मोबायल संपतो."

मी गोव्यात फोंड्याला राहते आणि घरबसल्या वेबसाइटी करते. दोन हॉटेलं, एक काजूवाले आणि तालुक्यातलं हे एक देवस्थान. देवस्थानचे पैसे सगळ्यात कमी आणि फोन सगळ्यात जास्त. त्यालाही कारण आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टी-तिसवाडीतली देवळं पाडली, तेव्हा लोकांनी देव उचलून फोंड्याच्या बाजूला आणले. हा भाग तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. देव इथे स्थिरावले आणि महाजन, म्हणजे देवस्थानची वंशपरंपरागत सभासद घराणी, पुढे पांगले: मुंबई, बेळगाव, कारवार, कोची. आता जत्रेला निघताना प्रत्येकाला एकच गोष्ट हवी असते. पालखी किती वाजता? आणि नेमकी तीच पडद्याबाहेर गेली होती.

माझ्या लॅपटॉपवर टेबल छान दिसत होतं. तिथी, वार, कार्यक्रम, यजमान, वेळ. मोबाइलवर मात्र 'यजमान' अर्धवट कापलेले आणि 'वेळ' गायब. बोटाने डावीकडे सरकवून पाहिलं, सरकेना. हे पाप माझंच होतं. दोन वर्षांपूर्वी पहिल्या पानावरचे फोटो बाहेर सांडत होते, म्हणून कंटाळून मी अख्ख्या पानाला 'ओव्हरफ्लो हिडन' लावून टाकलं होतं. जे सांडेल ते झाकायचं. घरात पाहुणे आले की पसारा पलंगाखाली ढकलतात, तशातला प्रकार. ती ओळ काढली. टेबल सरकायला लागलं, पण त्याच्याबरोबर अख्खं पानच डुलायला लागलं.

मग नेहमीचे उपाय. टेबलाला विड्थ, म्हणजे रुंदी, १०० टक्के दिली, ढिम्म. आत डोकावले तर कार्यक्रम वर्डमधून जसाच्या तसा चिकटवलेला, प्रत्येक चौकोनावर वर्डने रुंदीचे स्वतःचे आकडे ठोकलेले आणि टेबलावर ७४२ पिक्सेल. चोर सापडला म्हणून मी चहा टाकला. सगळे आकडे पुसले, पान ताजं केलं. टेबल तसूभर हललं नाही. चहा उतू गेला तो वेगळाच.

टेबल ही वेबपानावरची सगळ्यात हट्टी वस्तू आहे. बाकीच्या चौकटींना आपण रुंदी सांगतो आणि त्या मुकाट ऐकतात. टेबल आधी आपल्या पोराबाळांना विचारतं. प्रत्येक रकान्यात न तुटणारा सगळ्यात लांब तुकडा कोणता, हे ब्राउझर मोजतो. तो रकाना त्याहून अरुंद होत नाही आणि टेबल या सगळ्यांच्या बेरजेहून अरुंद होत नाही. आपण दिलेली विड्थ ही नुसती विनंती. चौकोनांना मॅक्स-विड्थ, म्हणजे रुंदीची कमाल मर्यादा, देऊन पाहावी, तर तिचा टेबलावर काय परिणाम व्हावा हे सीएसएस या वेबपानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेच्या २०११ साली पक्क्या झालेल्या २.१ आवृत्तीच्या नियमांत ठरवलेलंच नाही. तसं तिथे स्पष्ट लिहून ठेवलंय. हे मला ठाऊक होतं. तरी मी देऊन पाहिली. काही झालं नाही.

म्हणजे कुठेतरी लांब, न तुटणारा तुकडा असणार. पण मजकूर साधाच दिसत होता. 'सत्यनारायणमहापूजा' हा एक शब्द लांबलचक, तरी तो काही अख्खा मोबाइल व्यापणारा नाही. तेवढ्यात काकांचा दुसरा फोन आला. मुंबईहून तीन जणांनी विचारलं म्हणे. घाईघाईत मी 'वर्ड-ब्रेक: ब्रेक-ऑल' लावलं, म्हणजे शब्द हवा तिथे तोडायची मुभा. टेबल झटक्यात ३६० पिक्सेलांच्या पडद्यात मावलं. मी खुशीत काकांना कळवलं.

पाच मिनिटांत तिसरा फोन.

"बाय, आमच्या देवाची पाल कधीपासून निघायला लागली?"

पाहिलं. एका ओळीत 'श्रींची पाल' आणि खालच्या ओळीत 'खी'. ती ओळ मी ज्या वेगाने काढली, त्या वेगाने आयुष्यात काही केलेलं नाही.

आता शेवटचं हत्यार, 'टेबल-लेआउट: फिक्स्ड'. टेबलाला विड्थ दिलेली असली आणि हे लावलं, की ब्राउझर आतला मजकूर मोजायचं सोडून देतो आणि पहिल्या ओळीवरून रकाने आखतो. आमच्या टेबलाची पहिली ओळ म्हणजे पाचही रकान्यांवर आडवं पसरलेलं 'वार्षिक जत्रोत्सव' हे शीर्षक, त्यामुळे पाचांना समान वाटणी मिळाली. कडेची मोकळी जागा सोडून ३२८ पिक्सेल उरत होते, म्हणजे दर रकान्याला जेमतेम ६५. रकाने शहाण्यासारखे उभे राहिले. मजकूर मात्र आपली भिंत ओलांडून शेजारच्या घरात शिरला. यजमानांची नावं वेळेवर चढली, कीर्तन यजमानांवर चढलं. वाचायची सोय नाही. पण मी थबकले ती इथेच.

रकाना अरुंद झाला, तर मजकुराने खालच्या ओळीत उतरायला हवं होतं. दोन शब्दांच्या मध्ये जागा आहे ना? मग उतरत का नाही?

ब्राउझरची तपासणीची खिडकी उघडून एका यजमानांचं नाव मुळात कसं लिहिलंय ते पाहिलं. प्रत्येक दोन शब्दांच्या मध्ये 'एनबीएसपी'. प्रत्येक! नॉन-ब्रेकिंग स्पेस, युनिकोडमधला १६० क्रमांक. डोळ्यांना साधी मोकळी जागा, ब्राउझरला मात्र हुकूम: इथे ओळ तोडायची नाही. म्हणजे 'श्री. व सौ.'पासून 'आणि कुटुंबीय, मुंबई'पर्यंतचं सगळं ब्राउझरच्या लेखी एकच शब्द होता. रुंदी मोजली, ४१२ पिक्सेल. एकट्या यजमानांचीच, पालखी अजून यायची होती.

एखाददुसरी असती तर समजू शकले असते, कॉपी-पेस्ट करताना शिरतात. पण फाइलभर? स्कूटर काढली आणि देवस्थानची कचेरी गाठली. अंगणात मंडप चढत होता, उत्सवातल्या नाटकासाठी रंगमंचाच्या फळ्या ठोकणं चाललं होतं. कार्यक्रम टाइप करणारे कचेरीतले दादा पावत्या फाडत बसले होते. मी फाइल उघडायला सांगितली आणि विचारलं, "दादा, शब्दांच्या मधे तुम्ही काय दाबता?"

"स्पेस. आणखी काय दाबणार?"

"आणि नंतर काही करता?"

दादांनी पावतीपुस्तक मिटलं. मागे एकदा छापील पत्रिकेत एका यजमानांचं नाव दोन ओळींत तुटलं होतं. 'श्री. व' वर आणि 'सौ.' खाली. त्यावरून समितीच्या बैठकीत दादांना सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. मग छापखान्यातल्या मुलाने युक्ती शिकवली: कंट्रोल आणि शिफ्ट धरून स्पेस दाबली की नाव तुटत नाही. प्रत्येक नावाला तसं दाबायचा दादांना कंटाळा आला. म्हणून ते फाइल पूर्ण झाली की शोधा-आणि-बदला उघडतात आणि सगळ्या स्पेसच्या जागी टोपीचं चिन्ह आणि पुढे एस लिहून एका फटक्यात बदलून टाकतात. वर्डमध्ये नॉन-ब्रेकिंग स्पेस अशीच लिहितात. हे मला माहीत नव्हतं. वेबसाइटी करून पोट भरणारी मी, आणि ही खूण शिकले पावत्या फाडणाऱ्या दादांकडून.

"चुकलं काय गो?"

"छापायला बरोबर आहे दादा. मोबाइलला नको."

तिथेच बसून उलटा बदल केला. फक्त 'श्री. व सौ.' यांच्या मधल्या आणि पुढच्या जागा तशाच ठेवल्या, नाहीतर पुढची बैठक माझ्या नावाने भरली असती. फिक्स्ड काढून टाकलं. टेबल आपणहून आकसलं, तरी वीसेक पिक्सेल बाहेर. ते दुसरंच दुखणं: टेबल 'फ्लेक्स' मांडणीतल्या (चौकटी रांगेत बसवायची एक पद्धत) एका डब्यात होतं आणि तो डबा आतल्या मजकुराहून लहान व्हायला तयार नव्हता. त्याला 'मिन-विड्थ: शून्य', म्हणजे किमान रुंदी शून्य, दिलं, टेबलाभोवती आडवा सरकणारा एक वेगळा डबा घातला, अक्षर थोडं बारीक केलं. दादांच्या मोबाइलवर पाचही रकाने दिसले. पालखी, संध्याकाळी ७.

काकांनी चष्मा कपाळावर चढवून पडदा नाकाशी धरला, बोटाने एकेक ओळ तपासली आणि म्हणाले, "आता बरं. आता कोणी फोन करणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊन सातला दहा कमी असताना देवळात पोचले. सभामंडप तुडुंब भरलेला. शेजारी मुंबईचे वाटणारे एक गृहस्थ मोबाइलवर आमचंच टेबल उघडून उभे होते. पाचही रकाने नीट. सव्वासात झाले, साडेसात झाले. त्यांनी पुन्हा टेबल पाहिलं, बोटाने मोठं करून पाहिलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "पालखी नक्की कधी निघते हो?"

आई म्हणाली, "सातची ना? मग निघेल साडेआठपर्यंत."