वेताळ टेकडी, सायकल आणि चालणारी माणसं

आज सकाळी एमटीबी (माउंटन बाइक, डोंगरवाटांची सायकल) घेऊन पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गेले होते. रविवार, त्यामुळे खाणीपासून वेताळबाबाच्या देवळापर्यंत माणसंच माणसं. उतारावरची पायवाट जेमतेम दोन फुटांची, खाली सुटा मुरूम. समोरून एक काकू काठी टेकत वर येत होत्या. लांबूनच घंटी वाजवली, उतरले आणि सायकल ग्लिरिसिडियाच्या झाडांकडे ओढून उभी राहिले. "अगं, तू जा, मला कसली घाई!" म्हणाल्या. पण आधी त्यांनाच जायला लावलं.

जगभरात साधारण हाच नियम आहे: सायकलवाल्याने चालणाऱ्याला वाट द्यायची, उतरणाऱ्याने चढणाऱ्याला. आपणही पाळूया ना! आणि मागचं चाक लॉक करून घसरत उतरणं कृपया थांबवा. मुरूम उखडतो, पावसाळ्यात तिथेच घळ पडते, मग लोक बाजूचं गवत तुडवत नवी वाट पाडतात. टिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात हो!

चालणाऱ्यांनाही एक विनंती, एका कानातला इअरफोन काढून ठेवा, घंटी ऐकू येते.

पुढच्या रविवारी पहाटे लवकर निघणार आहे. कोणी येणार असेल तर कळवा.