एका शेताचे दोन परवाने

2013 साली मी श्रीलंकेच्या मुल्लैतीवू जिल्ह्यात घरकुलांच्या कामावर होतो. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या उत्तर-पूर्व भागात भारत सरकारच्या मदतीने घरं उभी करायची योजना होती. एकूण 50,000 घरं, त्यातली बहुतेक याच भागात, घरामागे साडेपाच लाख श्रीलंकी रुपये, क्षेत्रफळ किमान 550 चौरस फूट. बांधकाम कुटुंबाने स्वतः करायचं, आम्ही काम बघून हप्ते सोडायचे. पाया, जोतं, लिंटेल, छप्पर. त्याआधी घराची जागा त्याच कुटुंबाची आहे ना, एवढं तपासायचं. ऐकायला हे सोपं वाटतं. माझं गाव करमाळा तालुक्यातलं, आजोबांची जमीन उजनीच्या पाण्यात गेलेली. प्रकल्पग्रस्तांचे कागद बघतच मी मोठा झालो, त्यामुळे जमिनीची भानगड मला नवी नव्हती. तिथली मात्र वेगळीच निघाली.

सप्टेंबरचा महिना होता. उत्तर प्रांताची पहिलीवहिली प्रांतिक निवडणूक तोंडावर आल्याने भिंतीभिंतींवर पोस्टरं. आम्ही नायारूचा पूल ओलांडून कोक्कुत्तोडुवायला गेलो. बरोबर आमचा तमिळ फील्ड ऑफिसर आणि वव्हुनियाचा ड्रायव्हर. ड्रायव्हरला तमिळ आणि सिंहली दोन्ही भाषा सारख्याच येत, त्यामुळे पुढे दिवसभर खरा दुभाषा तोच झाला.

ज्या बाईंची जागा तपासायची होती त्या सत्तरीच्या असाव्यात. सगळेच त्यांना अम्मा म्हणत, मीही म्हणू लागलो. घराच्या जागेचा काही प्रश्न नव्हता. विहीर जुनी, शेजारी ओळखीचे, ग्रामसेवकाचा दाखला हातात. अर्ध्या तासात माझा फॉर्म भरून झाला. मी उठतोय हे बघून अम्मा आत गेल्या आणि प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला एक कागद घेऊन आल्या.

‘तंबी, ही जागा झाली. आता वयल बघायला चला.’

वयल म्हणजे भाताचं शेत. कागद 1935 च्या जमीन विकास कायद्याखालचा परवाना होता, त्यांच्या दिवंगत नवऱ्याच्या नावाचा. हा परवाना म्हणजे मालकी नव्हे. जमीन सरकारचीच राहते, कसायचा आणि राहायचा हक्क मिळतो, विकता येत नाही. पण वर्षानुवर्षं वहिवाट असलेल्या कुटुंबाला तेवढा आधार पुरतो. परवान्यावर चतुःसीमा लिहिलेल्या होत्या: उत्तरेला अमक्याचं शेत, पूर्वेला पायवाट, दक्षिणेला तळ्याचा बांध, पश्चिमेला सरकारी जंगल. घड्या पडून पडून मधली अक्षरं उडाली होती, तरी तहसीलदाराच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची सही अजून स्पष्ट होती.

खरं तर शेत बघणं माझ्या कामात बसत नव्हतं. फील्ड ऑफिसरने डोळ्यांनीच ‘नको’ म्हणून खुणावलं. पण हातात जीपीएस होतं, दिवसही हाताशी होता, आणि नाही म्हणायला तोंड झालं नाही.

वाटेत अम्मा बोलत राहिल्या. 1984 च्या डिसेंबरात लष्कराने भोंग्यावरून गाव सोडायला सांगितलं. कोक्किळाय, करुणाट्टुक्केणी, कोक्कुत्तोडुवाय अशी एकामागून एक गावं रिकामी झाली. त्याच्या थोडेच दिवस आधी तमिळ वाघांनी (एलटीटीईने) जवळच्या केंट आणि डॉलर फार्मवर हल्ला करून सिंहली कैदी आणि त्यांच्या बायकामुलांना मारलं होतं. हे त्यांनी लपवलं नाही. पण त्या फार्मवर आधी कोण होतं, हेही त्यांनीच सांगितलं. 1977 च्या दंगलीत चहामळ्यांतून पळून आलेली तमिळ कुटुंबं तिथे राहत होती. त्यांना हुसकून सरकारने तिथे खुली कारागृहं वसवली. अम्मा गाव सोडून गेल्या त्या 2009 ला युद्ध संपल्यानंतरच परतल्या, मधली वर्षं छावण्यांत आणि नातेवाइकांच्या पडवीत काढून. भात कापायला आलं होतं तेव्हा, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

शेतावर पोचलो तर नांगरट झालेली. एक सिंहली शेतकरी बांधाला माती लावत होता. मला बघून तो लगबगीने पुढे आला, हात धोतराला पुसत, आणि एकदम बोलायला लागला. ड्रायव्हर हसू दाबत म्हणाला, ‘सर, तो विचारतोय, पाणी कधी येणार?’

माझं हेल्मेट आणि गळ्यातलं जीपीएस बघून त्याने मला महावेलीचा, म्हणजे महावेली नदीवरच्या सरकारी सिंचन-वसाहत योजनेचा, इंजिनिअर समजलं होतं.

हा माणूस कुरुनेगलाकडचा. तिकडे स्वतःची जमीन नव्हती. 1988 मध्ये या भागाला महावेलीची ‘एल’ प्रणाली म्हणून जाहीर केलं, मणलआरू हे इथलं तमिळ नाव जाऊन सिंहली वेली ओया झालं, तेव्हा त्याला इथे आणून बसवलं. महावेलीचा नेहमीचा हिशेब अडीच एकर भातखाचर आणि अर्धा एकर घरवाडी. नदीचं पाणी कालव्याने येईल असं सांगितलेलं. पाण्याऐवजी होमगार्डची बंदूक मिळाली, कारण वसाहत लष्करी छावणी आणि तमिळ गावं यांच्या मधोमध होती. रात्री बायकामुलं बंकरमध्ये झोपत. एक मुलगा लष्करात गेला तो आलाच नाही. पाणी त्या दिवसापर्यंत आलेलं नव्हतं. तोही पावसावरच भात पेरत होता, अम्मांच्या घरचे पेरायचे तसाच.

अम्मा गप्प उभ्या होत्या. मग त्यांनी पिशवीतून परवाना काढला. तोही झोपडीत जाऊन आपला घेऊन आला. त्याच्या कागदावर चतुःसीमा नव्हती, नकाशाचा क्रमांक आणि लॉट नंबर होता, शिक्का महावेली प्राधिकरणाचा. मी दोघांच्या देखत चारही कोपरे चालून बिंदू घेतले. पूर्वेची पायवाट नाहीशी झालेली, पण दक्षिणेला तळ्याचा बांध जागच्या जागी. परवान्यात जंगलाच्या कडेचं म्हणून नोंदलेलं पालैचं झाड अम्मांनी लांबूनच दाखवलं. शंकेला जागाच नव्हती, जमीन तीच होती. दोन्ही परवाने एकाच सरकारचे, दोन्ही खरे.

गाडीत बसल्यावर फील्ड ऑफिसर म्हणाला, ‘सर, तो बिचारा गरीब आहे, सगळे म्हणतात. गरीब आहेच. पण त्याला दुसरीकडे द्यायला जमीन नव्हती का?’ मला त्याचं पटलं. परवाना रद्द करायचा तर कायद्याप्रमाणे धारकाला नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकावं लागतं. अटींचा भंग कसला, तर जमीन कसली नाही, तिथे राहिला नाही. ज्याला लष्कराने गावाबाहेर काढलं त्याला नोटीस कुठे पोचवणार? पोचवलीच नाही. जुना कागद रद्द न करता त्याच्यावर नवा घालून दिला.

मला दिवसभर दुसरंच टोचत होतं. इकडे येण्याआधी मी पाणीवापर संस्थांचं काम केलं होतं. त्या क्षेत्रात श्रीलंकेच्याच गल ओया सिंचन योजनेचं नाव आदराने घेतलं जातं. शेतकऱ्यांच्या संघटना बांधून मोडकळीला आलेले कालवे कसे चालते केले, याचा तो जगप्रसिद्ध नमुना. मीही प्रशिक्षणांत त्याचे दाखले दिलेत. 1949 मध्ये सुरू झालेली ती योजना, सेनानायके समुद्र नावाचा प्रचंड जलाशय, तमिळभाषक पूर्व प्रांतात बाहेरून आणून वसवलेली सिंहली कुटुंबं. 1956 च्या जूनमध्ये सिंहलीला एकमेव राजभाषा करणाऱ्या ‘फक्त सिंहली’ कायद्याच्या वेळी त्याच वसाहतींत तमिळांची कत्तल झाली, पुढे 1961 मध्ये बट्टिकलोआपासून अंपारा जिल्हाच वेगळा काढला. आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत कालव्याच्या शेपटाला पाणी किती पोचलं याचे तक्ते होते. हे कुठेच नव्हतं.

तमिळ पुढाऱ्यांना हे केव्हाच दिसलं होतं. पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायगम यांच्या 1957 च्या करारात सरकारी वसाहतींत कोणाला जमीन द्यायची हे प्रादेशिक परिषदांनी ठरवावं असं कलम होतं. वर्षभरात करार फाडला गेला. 1965 मध्ये चेल्वनायगम यांच्या पंतप्रधान डडली सेनानायकेंबरोबरच्या करारात उत्तर-पूर्वेत आधी त्याच जिल्ह्यातल्या भूमिहीनांना, मग त्या प्रांतांतल्या तमिळभाषकांना प्राधान्य, असा क्रम लिहिला गेला. तोही अमलात आला नाही. सहसा मी अशा इतिहासाच्या फंदात पडत नाही, इंजिनिअरला हप्ते सोडायचे असतात. पण अम्मांच्या शेताच्या कोपऱ्यावर उभं राहून ती कलमं कशासाठी होती ते कळतं.

दुपारी कच्चेरीत, म्हणजे सरकारी जिल्हा कार्यालयात, गेलो. तिथला अधिकारी तमिळ, थकलेला, भला माणूस. त्याने दोन्ही परवान्यांच्या फोटोप्रती शेजारी शेजारी ठेवल्या, चष्मा काढला आणि म्हणाला, ‘घराचा हप्ता लगेच सोडा. त्यावर कुणी हरकत घेणार नाही. शेत महावेलीच्या हद्दीत. ते माझ्या टेबलावर येतच नाही.’ वारसनोंद तरी करून द्या म्हटलं, तर म्हणाला, ‘कुठल्या रजिस्टरात?’

त्याच महिन्यात निवडणूक झाली आणि 38 पैकी 30 जागा जिंकून तमिळ पक्षांची आघाडी प्रांतात सत्तेवर आली. गावात फटाके वाजले. त्यानंतर आठवड्याच्या आतच कोलंबोच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सरकारी जमिनीवरचा ताबा केंद्राचाच, प्रांतांचा नाही. खटला मध्य प्रांतातल्या मळ्याच्या जमिनीचा होता, पण मुल्लैतीवूत त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

माझ्या फॉर्ममध्ये शेतजमिनीसाठी रकानाच नव्हता. मी शेऱ्यात चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश आणि दोन्ही परवान्यांचे क्रमांक लिहून ठेवले. वरून विचारणा आली की हे इथे का. मी खोडलं नाही. त्याची छापील प्रत अम्मांना नेऊन दिली, त्यांनी ती त्याच प्लास्टिकच्या पिशवीत घातली.

घर पुढच्या पावसाळ्याआधी पुरं झालं. 2016 मध्ये विस्थापितांची जमीन दुसऱ्याने कबज्याच्या मुदतीच्या आधारे बळकावू नये म्हणून खास कायदा आला. मी आशेने तो वाचला, पण तो खासगी मालकीच्या जमिनीचा. परवान्याच्या जमिनीला त्याचा काही उपयोग नव्हता. 2018 च्या ऑगस्टमध्ये महावेलीच्या वसाहतींविरुद्ध मुल्लैतीवूत मोठा मोर्चा निघाला, तेव्हा फील्ड ऑफिसरने फोटो पाठवले. त्यात अम्मांचा धाकटा मुलगा होता, लॅमिनेट केलेला परवाना छातीशी धरून. मी विचारलं, यंदा शेतात कोण पेरणार? त्याने लिहिलं, कुरुनेगलावाल्याचा दुसरा मुलगा, आणि तोही पाऊस पडला तरच.